'रुणझुण' हे नाव आयुष्यभर पुरेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मुलगी पाच आठवड्यांची आहे. तुम्हा दोघांना 'रुणझुण' हे नाव फार आवडलंय. सासूबाई म्हणतात, "हे काय माणसाचं नाव झालं? हे तर पैंजणाचं." तुमच्या ताईला काळजी अशी, की उद्या मुलगी न्यायाधीश झाली तर 'न्यायमूर्ती रुणझुण' कसं वाटेल? मिस्टरांना नाव बदलायचं नाही. नोंदणीची तारीख जवळ आलीय, आणि रोज रात्री ते नाव पुटपुटून पुटपुटून ते गोड आहे की बालिश, हेच तुम्हाला कळेनासं झालंय.

ते पुटपुटणं आधी थांबवा. कुठलाही शब्द सलग म्हणत राहिलं की काही वेळापुरता त्याचा अर्थ उडून जातो आणि नुसता आवाज उरतो. 'टेबल' हा शब्द तीसदा म्हणून बघा, तोही विचित्र वाटायला लागेल. निर्णय असा होत नाही.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. बोलायला उशीर झालेली मुलं, अडखळत बोलणारे तरुण, अर्धांगवायूनंतर वाचा गेलेले आजी-आजोबा, सगळ्यांशी कामाची सुरुवात नावानेच होते. त्यामुळे नावाकडे मी अर्थापेक्षा तोंडाच्या आणि कानाच्या बाजूने जास्त बघते. खालचं उत्तर त्याच बाजूने आहे.

ताईंचा न्यायाधीशाचा मुद्दा मला फारसा पटत नाही. लता म्हणजे वेल, नाजूक, आधार शोधणारी. पण 'लता मंगेशकर' म्हटल्यावर वेल कुणाच्या डोळ्यांसमोर येते? दलित चळवळीतल्या लेखिका बेबी कांबळे ह्यांचं नाव तर थेट 'बेबी' होतं. त्या नावाने त्यांनी जे लिहिलं ते वाचताना भल्याभल्यांची झोप उडते, आणि लोकांनी त्यांना आदराने 'बेबीताई' म्हटलं. माणूस मोठा झाला की नाव त्याच्या मापाचं होतं. शिवाय न्यायमूर्ती झालेल्या बाईला नावाची अडचण उरतच नाही, तोवर तिची ओळख तिच्या नावाच्या पुढे गेलेली असते. अडचण असते ती त्याच्या आधीच्या तीस वर्षांत. शाळेतला पहिला दिवस, कॉलेजची तोंडी परीक्षा, नोकरीचा अर्ज, बँकेतला फोन, दवाखान्यातली रांग. इथे तुमच्या मुलीच्या आधी तिचं नाव पोचतं, आणि समोरच्याला तिच्याबद्दल दुसरं काहीच माहीत नसतं. नाव तपासायचं ते ह्या जागांवर.

सासूबाईंचा आक्षेप नाव वेगळं आहे ह्याला असेल, तर त्यांना एक गोष्ट सांगता येईल. २०१२ साली मानसशास्त्रज्ञांनी नावांच्या उच्चारावर काही प्रयोग केले. ज्यांची नावं सहज उच्चारता येतात त्यांच्याबद्दल लोकांचं मत थोडं अधिक अनुकूल होतं, असं त्यांना आढळलं. आणि हा फरक नावाच्या लांबीने, परकेपणाने किंवा दुर्मीळपणाने पडलेला नव्हता, तो उच्चाराच्या सोपेपणाचाच होता. थोडक्यात, कधी न ऐकलेलं पण पहिल्याच वाचनात नीट म्हणता येणारं नाव चालून जातं. नवेपणा आठवड्याभरात विरतो. उच्चाराची अडचण मात्र प्रत्येक नव्या माणसाबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आता गोडव्याकडे येते, कारण खरा पेच तिथे आहे.

गोडवा हा बराचसा ध्वनींचा खेळ आहे. म, न, ण, ल, र असे वाहते, घोष वर्ण आपल्याला मऊ वाटतात. क, ट, प, त असे आघाताने सुटणारे वर्ण टोकदार वाटतात. १९२९ साली एडवर्ड सपीर ह्या भाषाशास्त्रज्ञाने लोकांना 'मिल' आणि 'माल' असे दोन बनावट शब्द टेबलांची नावं म्हणून दिले आणि विचारलं, ह्यातलं मोठं टेबल कुठलं, लहान कुठलं? बहुसंख्य लोकांनी 'माल' मोठं ठरवलं. स्वरांतसुद्धा आपण आकार ऐकतो. 'रुणझुण'मध्ये एकही टोकदार वर्ण नाही, दोन ऱ्हस्व उकार आहेत, आणि वर तोच साचा दोनदा. द्विरुक्तीने आपल्या भाषेत शब्द चिमुकला आणि खेळकर होतो: किलबिल, चिमणचिमण, लुटूलुटू. तुमच्या कानाला ते नाव बाळासारखंच वाटतं, त्याचं कारण हेच. तुम्ही ते ऐकता तेव्हा समोर पाच आठवड्यांचा जीव असतो आणि दोन्ही मापं तंतोतंत जुळतात. ती चाळीस वर्षांची झाल्यावर नावाचं माप मात्र तेवढंच राहील.

कॅनडातल्या संशोधकांनी २०१९ साली ह्याच धाग्यावर काम केलं. मऊ, वाहत्या ध्वनींचं नाव ऐकलं की लोक तो माणूस समजूतदार, भावनाशील असेल असा अंदाज बांधतात, हे त्यांना दिसलं. मग त्यांनी खऱ्याखुऱ्या माणसांचे स्वभाव आणि त्यांची नावं ताडून पाहिली, तर काहीच मेळ बसला नाही. म्हणजे नाव गोड ठेवल्याने मुलगी गोड होत नाही, पण अनोळखी माणूस तिच्याकडून गोडव्याची अपेक्षा ठेवतो. तिचा स्वभाव तसा असेल तर प्रश्नच नाही. ती फटकळ निघाली, अबोल निघाली, भांडून हक्क मागणारी निघाली, तर तिला दर वेळी आधी ती अपेक्षा पुसावी लागेल, मग आपलं म्हणणं मांडावं लागेल. त्याने आयुष्य उद्ध्वस्त होत नाही. पण बारीक कटकट मात्र जन्मभराची.

(जाता जाता: मुलगा असता तर 'नाव पुरेसं गोड आहे का' हा प्रश्न तुमच्या घरात निघाला असता का? मुलाच्या नावात आपण दम शोधतो, मुलीच्या नावात गोडवा. ह्याचा विचार तुम्ही दोघांनी बसून जरूर करा.)

चिडवण्याचं म्हणाल, तर मुलं कुठल्याही नावाची वाट लावतात, त्याची फार धास्ती घेऊ नये. तरी ह्या नावाच्या अगदी शेजारी एक शब्द उभा आहे आणि तो तुमच्या घरात अजून कुणी उच्चारलेला दिसत नाही: भुणभुण. चौथीतल्या मुलाला तो शोधायला एक मिनिट लागणार नाही. चौथीचं दुःख चौथीत संपतं, त्याचं मला काही वाटत नाही. मला काळजी वाटते ती पुढच्या वयाची. ऑफिसात एखादी बाई तक्रार घेऊन उभी राहिली की 'काय सारखी भुणभुण लावलीय' हे वाक्य तसंही तयार असतं. ते तिच्या नावाशीच जुळवून देणारं यमक आपण हाताने पुरवावं का? माझ्या मते ह्या नावातली सगळ्यात कमकुवत जागा हीच, पैंजणापेक्षाही.

आता तिच्या स्वतःच्या तोंडाकडे बघू. साधारण साडेचार महिन्यांचं बाळ इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाकडे जास्त वेळ कान देतं, हे १९९५ साली प्रयोगांत दिसलंय. ओळखणं इतक्या लवकर येतं, म्हणणं मात्र खूप उशिरा. मुलांना र उशिरा साधतो, ण च्या जागी न येतो, आणि झ सारखा घासून निघणारा वर्णही मागाहूनच बसतो. तुम्ही निवडलेल्या नावात हे तिन्ही आहेत. दोन-तीन वर्षांची असताना ती स्वतःला 'लुनजुन' किंवा 'नुनू' म्हणेल, आणि पाहुण्यांनी नाव विचारलं की तुम्हाला दुभाष्याचं काम करावं लागेल. ह्याला मी दोष मानत नाही. मुलाच्या बोबड्या उच्चारातून पडलेलं लाडाचं नाव बऱ्याचदा सगळ्यांत टिकाऊ ठरतं. फक्त तेव्हा तिला सारखं 'नीट म्हण, रुणझुण म्हण' असं दुरुस्त करत बसू नका. तुम्ही नीट म्हणत राहा, तिची जीभ आपोआप पोचेल.

अडखळत बोलणाऱ्या माणसांचं इथे सांगायला हवं, कारण हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यांच्यापैकी अनेकांना सगळ्यात जड जाणारा शब्द म्हणजे स्वतःचं नाव. 'पाणी' अडलं तर 'तहान लागलीय' म्हणता येतं, नावाला पर्यायच नसतो. तुमची मुलगी अडखळेल असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण ज्याला बदली शब्द नाही असा हा एकच शब्द आपण तिला देतो. तो दोनदा सांगावा लागणं, अक्षरं फोडून सांगावी लागणं, 'काय? पुन्हा सांगा' ऐकावं लागणं ह्याचा भार बडबड्या मुलीला जाणवत नाही. लाजऱ्या मुलीला जाणवतो. आणि ती कुठली निघेल हे पाचव्या आठवड्यात कळत नाही.

दुसऱ्यांच्या तोंडात हे नाव काय होईल? मराठी माणसाला झ चे दोन उच्चार येतात. 'माझा'मधला वेगळा, 'माझी'मधला वेगळा, आणि 'रुणझुण'मध्ये 'माझा'वाला लागतो, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. इतर भाषा बोलणारा तिथे 'माझी'वाला झ लावणार. ण जगातल्या अनेक भाषांत नाहीच. तिथे न होणार. म्हणजे मराठी वर्तुळाबाहेर पाऊल टाकलं की नावातला पैंजणाचा नाद जवळजवळ सगळा गळून 'रुनजुन' उरतं. तुम्हाला नावात जे आवडलंय ते नेमकं ण आणि झ मध्ये आहे, आणि प्रवासात आधी हरवतात तेच दोन वर्ण.

फोनवर आणखी गोंधळ. साधी फोनलाइन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पुढे पाठवते, त्यामुळे म, न, ण ह्यांच्यातला फरक चटकन पुसट होतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून हाक मारायची झाली तर उ हा मिटलेल्या तोंडाचा स्वर, आ इतका लांब पोचत नाही. घरातल्या ज्येष्ठांना वयोमानाने कमी ऐकू येत असेल तर त्यांनाही हे नाव धूसर ऐकू येईल. सासूबाईंना एकदा पाठमोऱ्या बसवून, मिक्सर चालू असताना हे नाव आणि दुसरी दोन नावं हाक मारून बघा. त्यांचा आक्षेप कदाचित अर्थापेक्षा कानाचा निघेल.

कागदावरचा प्रश्न मी थोडक्यात आटोपते. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. जगभर एकाच मापाच्या, प्रत्येकी ४४ खुणांच्या, त्यातल्या नावाला ३९, आणि त्यात फक्त रोमन अक्षरं. म्हणजे कधी ना कधी 'रुणझुण'चं रोमन स्पेलिंग करावंच लागणार. मधे 'झेड' घ्यायचा की 'जे-एच'? पहिली तीन अक्षरं इंग्रजी वाचणाऱ्याला 'रन' दिसतात, म्हणजे पळणं, आणि सगळं नाव तो 'रनझन' वाचतो. शाळेत एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, असं झालं की पुढे प्रतिज्ञापत्रं करत हिंडावं लागतं. हे टाळता येतं, पण पहिल्याच दिवशी ठरवलं तर.

आणि वयाची चाचणी. ताईंसारखं पद जोडून बघू नका, नातं जोडून बघा. मराठीत मोठं झालेल्या बाईला आपण नुसत्या नावाने क्वचितच बोलावतो. रुणझुणताई. रुणझुणवहिनी. रुणझुण मॅडम. रुणझुणकाकू. मला ह्यातलं 'रुणझुणताई' छान वाटतं, 'मॅडम' चालतं, 'काकू'शी थोडी ओढाताण होते. तुमचं वेगळं होऊ शकेल. मग रागाने म्हणून बघा, "रुणझुण, पुस्तक बंद कर आणि इकडे ये!" हसू आलं तर ती नोंद घ्या. मग एखाद्या अनोळखी माणसाच्या सपाट आवाजात: "रुणझुण, वय बहात्तर, पुढच्या तपासणीला या." माझ्याकडे अर्धांगवायूनंतर बोलणं पुन्हा शिकायला येणाऱ्या पेशंटबरोबर सरावासाठी आम्ही जे शब्द सगळ्यांत आधी घेतो, त्यात स्वतःचं नाव असतंच. बहात्तराव्या वर्षीसुद्धा ते तोंडात घोळवावं लागू शकतं, म्हणून मी ते वय मुद्दाम सांगते.

काही गोष्टी मात्र तुमच्या हातातच नाहीत, त्यांचा विचार सोडून द्या. २००५ च्या 'कतरिना' वादळानंतर अमेरिकेत मुलीचं ते नाव ठेवणं झपाट्याने कमी झालं. 'अलेक्सा' हे अगदी लोकप्रिय नाव होतं, बोलणारं यंत्र त्या नावाने घराघरांत आल्यावर आईबाप मागे सरले. ज्या मुलींची नावं आधीच ठेवली गेली होती त्यांच्या घरच्यांनी काही चुकवलं होतं का? नाही. उद्या 'रुणझुण' नावाचं एखादं ॲप निघेल की काय, ह्या भीतीने आज नाव टाकू नये.

आता माझं मत, कारण तुम्ही तेच विचारलंय. मी तुमच्या जागी असते तर घरात 'रुणझुण' म्हटलं असतं आणि कागदावर दुसरं नाव घातलं असतं. सासूबाईंच्या कारणासाठी हे म्हणत नाही; पैंजणावरून नाव असण्यात मला काहीच वावगं दिसत नाही, 'नूपुर' हे नाव आपण वर्षानुवर्षं ऐकतोच आहोत, आणि त्याचा अर्थही पैंजणच. उच्चार, यमक आणि माप, ह्या तिन्ही कसोट्यांवर 'रुणझुण' थोडं थोडं कमी पडतं. एकाच ठिकाणी कमी पडलं असतं तर मी 'ठेवा' म्हटलं असतं. गोडवा, दुर्मीळपणा आणि दुमडलेला साचा हे सगळं एका नावात भरलं की मुलीला स्वतःसाठी त्यात जागा कमी उरते. दोघांनी एकदा वेगवेगळं बसून लिहून काढा, की ह्या नावात नेमकं काय आवडलं: नाद, पैंजण, की कुणाची तरी आठवण. तिन्हींसाठी पर्यायी नावं वेगळी निघतील. नादच हवा असेल तर एक तरी मोकळा 'आ' असलेलं नाव शोधा. आणि 'नूपुर' फार ऐकलेलं वाटलं म्हणून लगेच नाकारू नका.

तरीही तुम्ही म्हणाल की नाही, आम्हाला हेच ठेवायचंय, तर ठेवा. आईबापांनी मनापासून म्हटलेलं नाव, कुढत मान्य केलेल्या सुरक्षित नावापेक्षा मुलीला बरं लाभतं, हे मी पाहिलंय. मग एवढं करा: स्पेलिंग आजच ठरवा आणि अनोळखी चार जणांकडून ते वाचून घ्या, ज्याचं वाचन सगळ्यांत जवळ जाईल ते घ्या. तिच्यासमोर नावाचं स्पष्टीकरण देऊ नका. 'जरा वेगळंच आहे हो, ह्यांना हौस' असं हसत म्हणणारी आई मुलीला नावाची लाज शिकवते. आल्यागेल्याला 'मग पैंजण कुठंयत?' हा विनोद एकदा करू द्या, दुसऱ्यांदा थांबवा. आणि तिला लहानपणीच एक वाक्य सहज म्हणता येऊ द्या: "मी रुणझुण, र ला उकार, झ ला उकार." सवयीने म्हटलं की ते ओझं वाटत नाही.

शेवटचा मुद्दा नोंदणीपूर्वीच दोघांत बोलून ठेवा. न्यूझीलंडमध्ये २००८ साली एका कुटुंब न्यायालयाने नऊ वर्षांच्या मुलीचं नाव बदलता यावं म्हणून तिला तात्पुरतं न्यायालयाच्या पालकत्वाखाली घेतलं. आईबापांनी हौसेने ठेवलेलं लांबलचक, गमतीदार नाव ती मैत्रिणींपासून लपवत होती. तुमचं नाव त्याच्या आसपासही नाही. पण लपवणं ही खूण लक्षात ठेवा. ती नवीन ठिकाणी नाव सांगायचं टाळू लागली, नुसतं आद्याक्षर लिहू लागली, लाडाचं नावच खरं म्हणून सांगू लागली, तर 'आम्ही किती प्रेमाने ठेवलं होतं' हे ऐकवू नका. तिला विचारा. बदलायचंच झालं तर शाळा सुटण्याच्या दाखल्याआधी बदला, तेव्हा कागद थोडेच असतात.